रडत नाही म्हणजे पोट भरलंय असं नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढलेत): पहिलंच बाळ, मुलगी, आता पाच आठवड्यांची. जन्मानंतर लगेच डॉक्टरांनी डाऊन सिंड्रोमची (एकविसावा क्रोमोसोम एक जास्त असण्याची) शंका बोलून दाखवली, क्रोमोसोमच्या टेस्टमध्ये ती खरी ठरली. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाला छोटं छिद्र दिसलंय, "सध्या फक्त लक्ष ठेवू" असं सांगितलंय. सुरुवातीचे दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आणि नळीने दूध. आता घरी आल्यावर अंगावर घेतलं की चार-पाच मिनिटं ओढते आणि झोपून जाते. मग ही आई पंप करून काढलेलं दूध बाटलीने देते, मग पुन्हा पंप करते, तोवर पुढच्या फीडची वेळ झालेली असते. वजन हळूहळू वाढतंय. हॉस्पिटलमधल्या एका नर्सने सांगितलं, "ही बाळं अंगावर पीत नाहीत, उगाच जीव काढू नका." नवरा म्हणतो फॉर्म्युला (पावडरचं दूध) आण आणि झोप. सासूबाई म्हणतात, "किती शहाणी आहे, रडतसुद्धा नाही, तिला काही कमी पडत नाहीये." आई विचारते, मी हट्ट करतेय का? थांबू का? आणि थांबले तर ते तिच्यावर अन्याय केल्यासारखं होईल का?

उत्तर:

तुमचं पत्र मोठं आहे आणि त्यात आकडे खूप आहेत, किती एमएल निघालं, किती मिनिटं पंप केलं, कुठल्या बाजूने कमी आलं, आठवड्याला किती ग्रॅम. पण मुलीबद्दल म्हणाल तर एकच वाक्य, "तशी ती शांत आहे." मी आधी त्याच वाक्यापाशी थांबणार आहे, कारण तुमच्या घरात सगळ्यांनी आपापल्या परीने त्या शांतपणावर भरवसा ठेवलाय आणि माझ्या मते सगळ्यात आधी तोच तपासून बघायला हवा.

डाऊन सिंड्रोमच्या बहुतेक बाळांचे स्नायू जन्मतः सैल असतात, डॉक्टर त्याला हायपोटोनिया म्हणतात. ते फक्त हातापायांत नसतं, ओठ, गाल, जीभ, जबडा, सगळीकडे असतं, आणि रडायलाही ताकद लागतेच ना. त्यात ही बाळं झोपाळू असतात. म्हणजे भूक लागली तरी ती जोरात सांगायची यंत्रणा कमी पडते, जरा चुळबुळ करतात, कोणी लक्ष दिलं नाही की परत झोपतात. सासूबाई वाईट हेतूने बोलत नाहीयेत, त्यांनी वाढवलेली बाळं भूक लागली की घर डोक्यावर घेत असतील, त्या हिशोबाने ही शहाणीच वाटणार. पण "मागेल तेव्हा पाज" हा सल्ला मागू शकणाऱ्या बाळासाठी आहे. तुमच्या मुलीला निदान सध्या तरी घड्याळ लावून उठवायचं, दिवसा साधारण दोन ते अडीच तासांनी, रात्री तीन तासांपेक्षा जास्त गॅप नको, चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध पोटात जायला हवं. वजन नीट वाढायला लागलं की डॉक्टरच सांगतील आता रात्री थोडी झोपू दे म्हणून, तोवर नाही.

आणि ती अगदीच सांगत नाही असंही नाही बरं का, ती हळू आवाजात सांगते. मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं हलायला लागतात, जीभ जराशी बाहेर येऊन ओठांवर फिरते, मूठ तोंडाकडे जायचा प्रयत्न करते आणि अर्ध्यातच पडते. अशा वेळी उचललंत तर ती पिण्यासाठी निम्मी जागी असते. गाढ झोपेतून ओढून काढलेलं बाळ अंगाला लावलं तर ते पाच मिनिटांत झोपणारच. उठवायला दुपटं सोडा, कपडे काढा, फक्त डायपरवर तुमच्या उघड्या छातीशी धरा, पाठीवरून बोटं फिरवा, तळपाय चोळा. आणि खोलीतला मोठा लाइट बंद करा, प्रखर उजेडात बाळं डोळे घट्ट मिटून घेतात आणि आपल्याला वाटतं झोपलीच आहे. मध्येच पेंगली की डायपर बदला, ढेकर काढा, दुसऱ्या बाजूला घ्या.

पोट भरतंय की नाही हे रडण्यावरून नाही, डायपरवरून आणि वजनकाट्यावरून ठरवायचं. या वयात चोवीस तासांत सहा किंवा जास्त जड ओले डायपर हवेत, सू फिकट रंगाची हवी. वजन आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर आणि शक्यतो उघड्या अंगाने. रोज करू नका, रोजच्या आकड्यांनी माणूस वेडा होतो. साधारणपणे पहिल्या काही महिन्यांत बाळाचं वजन रोज २० ते ३० ग्रॅमच्या आसपास वाढतं, डाऊन सिंड्रोमच्या बाळांचा वेग बऱ्याचदा थोडा कमी असतो, त्यांच्यासाठी वेगळे ग्रोथ चार्टही आहेत, अमेरिकेत २०१५ मध्ये नवे प्रसिद्ध झाले. डॉक्टरांना विचारा की दोन्ही चार्टवर तिची रेघ कुठे चाललीये. पण एक सांभाळा, "डाऊनचं बाळ आहे, वजन कमीच असणार" असं म्हणून कोणी विषय संपवत असेल तर संपवू देऊ नका. रेघ खालची असली तरी चालेल, पण ती घसरत असेल तर त्याला कारण असतं आणि ते शोधावं लागतं.

आता त्या नर्सबाई. "ही बाळं अंगावर पीत नाहीत" हे खरं नाही, पण पूर्ण हवेतूनही आलेलं नाही. काही डाऊन बाळं पहिल्या दिवसापासून मजेत पितात, काहींना काही आठवडे लागतात, काहींना महिने, आणि काही पूर्णपणे अंगावर कधीच येत नाहीत. तुमची यातली कुठली हे पाच आठवड्यांत कळत नाही, हॉस्पिटलातल्या पहिल्या दिवसांत तर मुळीच नाही. इटलीत डाऊन सिंड्रोमच्या ५६० मुलांचा एक अभ्यास झाला होता, २००३ मध्ये छापून आला, त्यात निम्म्याहून जास्त मुलांना आईचं दूध अंगावर मिळालंच नव्हतं. पण कारणं विचारली तर फक्त "नीट ओढता येत नाही" एवढंच नव्हतं, बाळाचं आजारपण, दूध कमी पडतंय असं आईला वाटणं, आणि निदान कळल्यावर आईचं खचून जाणं, हीसुद्धा मोठी कारणं होती. म्हणजे नर्सबाई जे बघत आल्या त्यात बाळांच्या तोंडाइतकाच आजूबाजूच्या परिस्थितीचा हात असणार. ज्या आईला आधीच सांगून ठेवलंय की होणार नाही, तिला लॅच, म्हणजे स्तनावरची नीट पकड, दाखवायला कोण बसतं?

अडचण नेमकी कुठे असते ते समजून घेतलं की पुढचे उपाय आपोआप पटतात. या बाळांचं तोंड आतून लहान असतं, वरची टाळू अरुंद आणि उंच असते, त्यामुळे जीभ त्यात मावत नाही आणि बाहेर येते. ओठ आणि गाल सैल असल्याने स्तनाभोवती हवाबंद पकड बसत नाही. स्ट्रॉला चीर पडली की कितीही ओढा, तोंडात हवाच जास्त येते, तसं होतं. ती कष्ट घेतेय, पण दूध थोडंच येतंय, आणि कष्टाने दमून झोपतेय. यात तुमचं दूध पातळ आहे, तिला आवडत नाही, तुम्हाला जमत नाही, असलं काहीही नाही. जसजशी ती वाढते आणि मानेत, जबड्यात जोर येतो तसतसं हे सुधारत जातं, कित्येक बाळं दोन-तीन महिन्यांच्या आसपास अचानक बरं ओढायला लागतात.

आणखी एक गैरसमज जाता जाता. "अंगावर दमते, हृदयाचं आहे, बाटली सोपी पडेल" असं सर्रास म्हणतात. हृदयाचा त्रास असलेल्या बाळांमध्ये पिताना ऑक्सिजनची पातळी बघितली गेली आहे आणि ती अंगावर पिताना बाटलीपेक्षा जास्त स्थिर राहते असं दिसलंय, कारण अंगावर बाळ स्वतःच्या लयीने ओढतं, थांबतं, श्वास घेतं. बाटलीतून मात्र दूध येतच राहतं. अर्थात अंगावर दूध कमी जातं हेही तितकंच खरं. म्हणून बाटली द्याल तेव्हा सगळ्यात हळू फ्लोचं निपल घ्या, तिला जवळजवळ बसवून धरा, बाटली आडवी ठेवा आणि दर काही घोटांनी निपल खाली करून तिला श्वास घेऊ द्या. बाटली रिकामी करायची शर्यत लावू नका.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते, कारण मला वाटतं तो चुकीच्या ठिकाणी अडकलाय. तुम्ही "अंगावर की बाटली" असं विचारताय. पण तुमच्यासमोर तीन वेगवेगळी कामं आहेत आणि ती तुम्ही एकाच गाठोड्यात बांधून प्रत्येक फीडला उचलताय. एक, तिचं पोट भरणं. दोन, तुमचं दूध टिकवणं. तीन, तिला अंगावर ओढायची प्रॅक्टिस मिळणं. या क्रमानेच ती महत्त्वाची आहेत. पोट कशानेही भरो, काढलेलं दूध, बाटली, वाटी-चमचा, गरज पडली तर फॉर्म्युला. दूध टिकवण्याचं काम सध्या पंप करतोय, बाळ नाही. आणि अंगावर घेणं ही सध्या फक्त शिकवणी आहे, तिच्यावर पोटाचा भार टाकायचाच नाही. हे वेगळं केलं की दर वेळी तुम्ही नापास झाल्यासारखं वाटणं कमी होईल, कारण पाच मिनिटं ओढून झोपली तर ती पाच मिनिटांची शिकवणी झाली आणि दूध बाटलीतून मिळालंच की.

तुम्ही जे करताय, पाजा मग टॉप-अप (वरून बाटलीचं दूध) द्या मग पंप करा, त्याला ट्रिपल फीडिंग म्हणतात आणि ते आठवडेच्या आठवडे चालवायची गोष्टच नाही, थोडे दिवसांचा जुगाड आहे तो. माझा सल्ला असा, दिवसातून तीन-चारच फीड अंगावर घ्या, ज्या वेळी ती सगळ्यात ताजीतवानी असते त्या वेळचे. तेही पंधरा-वीस मिनिटांत आटोपा. अंगावरचं आणि टॉप-अप मिळून सगळा कार्यक्रम अर्धा-पाऊण तासाच्या वर जाऊ देऊ नका, कारण त्यापुढे ती जितकं पिते त्यापेक्षा जास्त पिण्यात खर्च करते. बाकीचे फीड सरळ बाटलीने, आणि ते दुसऱ्या कोणी द्यायचे, त्याच वेळी तुम्ही पंप करायचा. दोन्ही बाजूंनी एकदम करणारा इलेक्ट्रिक पंप असेल तर वेळ निम्मा होतो, विकत घेण्यापेक्षा भाड्याने मिळत असेल तर बघा. चोवीस तासांत सात-आठ वेळा पंप होणं चांगलं आणि त्यात एक रात्रीचा हवा, कारण दूध बनवणारं हार्मोन रात्री जास्त असतं. पण एक सलग चार-पाच तासांची झोप तुम्हाला रोज मिळालीच पाहिजे. तेवढ्या वेळात नवरा बाटली देईल. "फॉर्म्युला आण आणि झोप" असं ते म्हणतात ना, त्यातलं "झोप" अगदी बरोबर आहे. फक्त तुमच्यासाठी काय करायचं हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही, म्हणून ते एकच बटण दाबतायत. त्यांना रात्रीचं एक फीड आणि पंपाचे पार्ट्स धुवून उकळून ठेवणं हे काम कायमचं देऊन टाका.

अंगावर घेतानाचं तंत्र मी जरा सविस्तर सांगते कारण इथे छोट्या बदलांनी खूप फरक पडतो. आडव्या मांडीवर डोकं मागे लटकलेलं, हातपाय खाली पडलेले, अशा पोझिशनमध्ये सैल अंगाचं बाळ आपलं सगळं बळ स्वतःला सावरण्यात घालवतं. तिला गोळा करून धरा, गुडघे पोटाकडे, हात छातीपाशी, पाठ आणि ढुंगण तुमच्या हाताने किंवा घट्ट उशीने पूर्ण टेकलेलं, हवं तर पातळ दुपट्यात सैलसर गुंडाळा. कान, खांदा, कंबर एका रेषेत. डोकं पोटापेक्षा बरंच वर, जवळपास बसलेलं. याने ठसका कमी लागतो आणि दूध कानाकडे जात नाही, या मुलांना कानाचं इन्फेक्शन तसंही पटकन होतं. बगलेखालून धरायची पोझिशन, म्हणजे तिचे पाय तुमच्या पाठीच्या दिशेला आणि मान तुमच्या तळहातावर, सुरुवातीला बहुतेकींना सोपी जाते कारण चेहरा समोर दिसतो.

मग हात. स्तन खालून धरा, शेवटची तीन बोटं स्तनाच्या आधाराला ठेवा आणि अंगठा व तर्जनी पुढे काढून त्यांचा इंग्रजी यू करा. तिची हनुवटी त्या यूच्या तळाशी टेकवा, अंगठा एका गालावर, तर्जनी दुसऱ्या गालावर, अगदी हलका दाब. याला डान्सर होल्ड म्हणतात. गालांना आणि जबड्याला बाहेरून आधार मिळाला की मघाशी म्हटलेली ती चीर बुजते. तोंडात द्यायच्या आधी निपलने तिच्या वरच्या ओठाला स्पर्श करत राहा आणि थांबा, घाई नको, तोंड मोठं उघडून जीभ खाली येईपर्यंत थांबा. या बाळांची जीभ बऱ्याचदा वर टाळूला चिकटलेली असते आणि निपल जिभेखाली जातं, मग ओढल्यासारखं दिसतं पण येत काहीच नाही. जमलंय का हे कसं ओळखायचं? जबडा खोल खाली जातो, क्षणभर थांबतो आणि घोट ऐकू येतो. टकटक आवाज येत असेल, गालाला खळ्या पडत असतील, दूध ओठांच्या कोपऱ्यातून गळत असेल किंवा सुटल्यावर निपल चपटं होऊन बाहेर येत असेल तर पकड नीट नाही, करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवा आणि परत लावा.

लावायच्या आधी हाताने किंवा पंपाने थोडं दूध काढून पान्हा फोडून घ्या, म्हणजे पहिल्याच घोटाला तिला बक्षीस मिळतं. ती ओढायची थांबली की स्तन हाताने दाबा, दूध आपोआप तिच्या तोंडात जातं, ती परत ओढते, परत थांबली की परत दाबा. वजन फारच हळू वाढत असेल तर डॉक्टरांना विचारून अजून एक करता येतं, सुरुवातीचं पातळ दूध आधी काढून बाजूला ठेवायचं आणि शेवटचं दाट, जास्त फॅटचं दूध तिला टॉप-अपमध्ये द्यायचं. स्तनाला बारीक नळी चिकटवून त्यातून काढलेलं दूध देण्याचीही सोय असते, म्हणजे अंगावर असतानाच टॉप-अप मिळतो. निपल शील्ड, म्हणजे निपलवर बसवायचं मऊ सिलिकॉनचं आवरण, काहींना उपयोगी पडतं. पण या दोन्ही गोष्टी लॅक्टेशन कन्सल्टंटला (स्तनपानाच्या सल्लागाराला) समोर बसवून करा, व्हिडिओ बघून नाही. आणि कन्सल्टंट निवडताना सरळ विचारा, सैल स्नायूंच्या बाळांबरोबर काम केलंय का. नसेल केलं तर दुसरी बघा. गिळण्याच्या अडचणींवर काम करणारे स्पीच थेरपिस्टही असतात, बोलायला लागायच्या वयाची वाट बघायची गरज नाही त्यांच्याकडे जायला.

आता हृदयाबद्दल थोडं, कारण तुमच्या मुलीचं वय नेमकं त्या टप्प्यावर आहे. डाऊन सिंड्रोमच्या साधारण निम्म्या बाळांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो. छिद्र असेल तर जन्मानंतर लगेच बऱ्याचदा काहीच जाणवत नाही कारण फुप्फुसांमधला दाब अजून जास्त असतो. पहिल्या काही आठवड्यांत तो उतरतो, मग छिद्रातून जास्त रक्त फुप्फुसांकडे जायला लागतं, आणि आधी बरं पिणारं बाळ चौथ्या ते आठव्या आठवड्याच्या सुमाराला दमायला लागू शकतं. त्यामुळे "तेव्हा इको झालाय, छोटं आहे" म्हणून निर्धास्त राहू नका. पिताना कपाळावर घाम येणं, झोपेतसुद्धा मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास, बरगड्यांखाली खड्डा पडणं, आधीपेक्षा लवकर दमणं, यातलं काही दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता फोन करा. ओठ किंवा जीभ निळसर दिसली तर फोनही नको, सरळ इमर्जन्सी. तसंच हिरवी उलटी, पोट फुगून कडक होणं, ३८ अंश सेल्सिअस किंवा त्यावर ताप, उठवूनही न उठणं, यात घरी थांबायचं नाही. डाऊन बाळांमध्ये आतड्यांचे जन्मजात दोष जास्त आढळतात, म्हणून हिरवी उलटी आणि न सुटणारी बद्धकोष्ठता दोन्ही गांभीर्याने घ्यायच्या.

दर फीडला खोकला, घशात घरघर, डोळ्यांत पाणी असं होत असेल तर दूध श्वासनलिकेत जातंय का बघावं लागतं, आणि या बाळांमध्ये ते कधीकधी ठसका न लागताही जातं, वारंवार छाती भरणं एवढंच दिसतं. त्यासाठी गिळताना एक्स-रे बघायची तपासणी असते. आणि थायरॉइड. जन्मानंतरची थायरॉइड टेस्ट झाली का, रिपोर्ट काय, हे कागदावर बघा, नुसतं "नॉर्मल आहे" ऐकून सोडू नका. पुन्हा सहा महिन्यांनी, एक वर्षाने आणि मग दर वर्षी करायची असते. झोपाळू, हळू पिणारं, शी न होणारं बाळ थायरॉइड कमी असल्यानेही असू शकतं आणि गोळीने ते सुधारतं, आपण मात्र उगाच लॅचला दोष देत बसतो.

हे सगळं झालं तंत्राचं. तुमच्या पत्रात शेवटी तुम्ही लिहिलंय की थांबले तर तिच्यावर अन्याय होईल. मला विचारावंसं वाटतं, कसला अन्याय? की निदान कळल्या दिवसापासून तुम्हाला वाटतंय की तुम्ही तिचं काहीतरी देणं लागता आणि दूध हे त्याचं हप्त्याने फेडणं आहे? मी चुकत असेन तर सोडून द्या. पण एकविसावा क्रोमोसोम एक जास्त येतो ते बहुतेक वेळा गर्भ राहतानाच घडून गेलेलं असतं, त्यात तुम्ही खाल्लेलं, केलेलं, न केलेलं काहीही नसतं, आणि दुधाने ते भरूनही निघत नाही. आईच्या दुधाचे फायदे खरे आहेत, छातीचं आणि पोटाचं इन्फेक्शन कमी होतं, कान कमी फुटतात, अंगावर ओढण्याने ओठ-जीभ-जबड्याला व्यायाम मिळतो जो पुढे खाण्याला आणि बोलण्याला उपयोगी पडतो. आणि काढून बाटलीने दिलेल्या दुधातही इन्फेक्शनशी लढणाऱ्या गोष्टी असतातच, त्यामुळे "पंपचं दूध म्हणजे खरं पाजणं नाही" असं जे तुम्ही लिहिलंय ते खोडून टाका. पण हा उपचार नाही. फॉर्म्युलावर वाढलेली डाऊन सिंड्रोमची मुलंही चालतात, बोलतात, शाळेत जातात, भांडतात.

आणि हेही बघा, की पंप चालू असताना तुम्ही रडता असं दोन ठिकाणी लिहिलंय. निदानाचं दुःख होणं साहजिक आहे, ते यायला-जायला वेळ घेतं. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज रडू, झोपायची संधी असून झोप नाही, मुलीकडे बघावंसं वाटत नाही, स्वतःला किंवा तिला काही करावं असे विचार, यातलं काही असेल तर ते बाळंतपणानंतरचं डिप्रेशन असू शकतं, डॉक्टरांना दुधाच्या आधी ते सांगा, आणि असे विचार येत असतील तर आजच सांगा, एकटं राहू नका. स्तनपान चालू ठेवून घेता येतील अशी औषधं आहेत.

या निमित्ताने हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक-दोन गोष्टी. ज्यांना गरोदरपणातच निदान कळलंय त्यांनी हाताने चीक काढायला आधीच शिकून घ्या आणि हॉस्पिटलला सांगून ठेवा की बाळ एनआयसीयूत गेलं तरी पहिल्या काही तासांतच मला दूध काढायला मदत हवी, कारण पहिल्या दिवसांत स्तन जितके वेळा रिकामे होतात त्यावर पुढचं दूध बरंच ठरतं. ज्यांच्या बाळाचं हृदयाचं ऑपरेशन ठरलंय त्यांनी आधीचे आठवडे दूध साठवा, आणि नंतर बाळ परत शून्यापासून सुरू करतंय असं वाटलं तरी दचकू नका, बऱ्याच बाळांची ताकद ऑपरेशननंतरच येते. बाळ चार महिन्यांचं झालं, आता काय उपयोग, असं वाटणाऱ्यांनी रोज एकदा, बाळ फार भुकेलं नसताना, उघड्या छातीशी घेऊन बघत राहा.

तर थांबायचं का? माझं मत विचाराल तर आत्ता, पाच आठवड्यांवर आणि या दमलेल्या अवस्थेत, ठरवू नका. आधी वर सांगितलेला बदल करा, अंगावरचे फीड कमी, पंप ठरलेल्या वेळी, झोप पक्की, हृदय आणि थायरॉइड एकदा परत तपासून घ्या. ती तीन महिन्यांची झाल्यावर बघा. तोवर तिचं वजन आणि तुमची झोप दोन्ही वाढलेली असतील तर पुढे न्या, अगदी फक्त दोन फीड अंगावर आणि बाकी बाटली असंही वर्षभर चालू शकतं, त्याला कोणी अर्धवट म्हणत असेल तर म्हणू दे. आणि तीन महिन्यांपर्यंतही जमत नसेल तर थांबा, पंप बघून अंगावर काटा येतो असं असेल तर त्या आधीही थांबा. नवऱ्याच्या आग्रहाने किंवा नर्सच्या वाक्याने नको, तुम्ही ठरवून.

थांबायचं ठरलं तर एकदम बंद करू नका, गाठी येतात, ताप येतो. दर तीन-चार दिवसांनी एक पंप कमी करा, रात्रीचा आधी, उरलेल्यांची वेळ थोडी थोडी कमी करत जा. छाती दगडासारखी झाली तर आराम पडेल एवढंच काढा, पूर्ण रिकामी करू नका, आणि थंड पट्ट्या ठेवा. लाल चट्टा, दुखरी गाठ आणि सोबत ताप असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर. मधल्या काळात जे जास्तीचं निघेल ते तारीख लिहून फ्रीझरमध्ये ठेवा, साधारण सहा महिने ते उत्तम राहतं, म्हणजे पंप कपाटात गेल्यावरही रोजचं एखादं फीड तिला तुमच्या दुधाचं देता येईल.